जुनी बीएमडब्ल्यू ५३०डी घेताय? आधी खर्चाची वही उघडा

माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर ५३०डी केवढ्याला घेतली ते लिहिलंय आणि त्यापुढे तारीखवार एकेक बिल, अगदी वायपरच्या रबरापर्यंत. गाडी २०१२ची, एफ१० पिढीतली, मी तिसरा मालक. नवी असताना पन्नास लाखांच्या घरातली ही गाडी मला नव्या ब्रेझाच्या भावात पडली. नवखा माणूस फसतो तो इथेच. गाडी ब्रेझाच्या भावात मिळते, पण तिचा हेडलाइट ब्रेझाच्या भावात मिळत नाही. पार्टच्या खोक्यावर अजून पन्नास लाखांच्या गाडीचीच किंमत असते.

त्यात आणखी एक गोष्ट. अशी गाडी विकायला निघते ती बहुतेक वेळा एखादं मोठं काम तोंडावर आल्यावर. मालकाला गॅरेजवाल्याने अडीच लाखांचा आकडा सांगितलेला असतो आणि त्याच आठवड्यात गाडी पॉलिश होऊन जाहिरातीत येते. म्हणून "केवढ्याला देणार?" हा प्रश्न नंतरचा. आधी राहिलेली कामं मोजायची.

खालचे आकडे गेल्या दोन-तीन वर्षांत पुण्या-मुंबईतल्या बाहेरच्या गॅरेजांत मला आणि ओळखीच्या चार-पाच मालकांना मजुरीसकट पडलेले आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला हेच दीडपट ते दुप्पट धरा.

पायरी पहिली: कुठली पिढी, कुठलं इंजिन

बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना २००७मध्ये सुरू झाला. तिथे आधी जुळली ती ई६० पिढीतली ५ सिरीज, आणि २०१०पासून एफ१०. ई६० आज चार-पाच लाखांतही मिळते आणि दिसायला अजून देखणी आहे, पण पहिल्यांदाच घेणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. पंधरा वर्षं उलटली की फेरनोंदणी, हरित कर, आरटीओची तपासणी, आणि वर रबर-प्लॅस्टिकचा प्रत्येक तुकडा वयात आलेला.

एफ१०मध्ये डिझेलच्या तीन गाड्या मुख्यतः दिसतात. ५२०डीमध्ये दोन लिटरचं चार सिलिंडरचं एन४७ इंजिन. ५२५डीमध्ये सुरुवातीला तीन लिटरचं सहा सिलिंडरचं, नंतर दोन लिटरचं दोन टर्बोवालं; त्यामुळे नुसतं नाव बघून घेऊ नका, आरसीवरची सीसी बघा. आणि ५३०डी. तीन लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, एन५७. सुरुवातीच्या गाड्या २४५ अश्वशक्तीच्या, पुढच्या २५८च्या. शंभरचा वेग साधारण सव्वासहा सेकंदांत. पाय दाबल्यावर पाठ सीटला चिकटते, त्यासाठीच तर घ्यायची. ५२०डी खर्चाला थोडी हलकी, पण २०११च्या सुरुवातीपर्यंतच्या एन४७ची टायमिंग चेन बदनाम आहे. ती बदलल्याचं बिल नसेल तर तेवढे पैसे किमतीतून वजा करूनच बोलायचं.

पायरी दुसरी: घरबसल्या, फोनवर

"डॉक्टरांची गाडी, फक्त ६२ हजार चाललीय." महाराष्ट्रातल्या प्रत्येक सेकंड हँड लक्झरी गाडीचा मालक डॉक्टर कसा असतो हे मला अजून कळलेलं नाही. असो. विक्रेत्याकडून चेसिस नंबर मागून घ्या. देत नसेल तर फोन ठेवून द्या. त्या नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुना सर्व्हिस इतिहास दिसतो. गोड बोललात तर काउंटरवरचा माणूस शेवटची नोंद कुठल्या साली आणि किती किलोमीटरला झाली एवढं सांगतो. २०१८ला ९४ हजार आणि आज ६२ हजार, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच नंबरावर रिकॉलही विचारून घ्या. २०१८च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात या डिझेल गाड्यांना आगी लागल्या. ईजीआर कूलरमधून, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर थंड करणाऱ्या भागातून, कूलंट झिरपायचं, आत साचलेल्या काजळीत आणि तेलात मिसळायचं आणि गरम एक्झॉस्टने पेट घ्यायचं. ऑक्टोबरपर्यंत कंपनीने जगभरातल्या १६ लाख गाड्या परत बोलावल्या. तुमच्या चेसिस नंबरावर असं काही काम बाकी दिसत असेल तर ते कंपनीकडून फुकट होतं.

आरसी कुठली, हेही इथेच विचारायचं. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी टाच आली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. गाडी वाईटच असते असं नाही. हवा कोरडी, गंज कमी. पण एनओसीचा फॉर्म २८, इथली नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा रस्ताकर हे सगळं तुमच्या गळ्यात. वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला इथे नवी असताना १५ टक्के कर लागतो. जुन्या गाडीला वयानुसार तो कमी होतो, तरी मूळ किंमतच मोठी असल्याने आकडा लाखात जाऊ शकतो. एजंट "तीस हजारांत करून देतो" म्हणाला तर त्याच्याकडून ते लिहून घ्या, म्हणजे तो पुन्हा फोन करणार नाही.

कर्जावरची गाडी असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

पायरी तिसरी: थंड इंजिन

सकाळी लवकरची वेळ घ्या आणि विक्रेत्याला बजावून सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्या गेल्या बोनटवर तळहात ठेवा. कोमट लागला तर समजा, काहीतरी लपवायचं होतं म्हणून आधीच गरम करून ठेवलीय. मी अशा वेळी चहा पिऊन, "संध्याकाळी येतो" म्हणून निघतो.

बोनट उघडून एकाला स्टार्टर मारायला सांगा आणि तुम्ही पुढे नाही, मागे उभे राहा, काचेजवळ. याला कारण आहे. बहुतेक गाड्यांत टायमिंग चेन इंजिनाच्या पुढच्या तोंडाला असते, पण या इंजिनांत ती मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलीय. चेन सैल झाली किंवा तिचे प्लॅस्टिकचे गाइड झिजले की थंड इंजिनात मागच्या बाजूने घुंगरांच्या पट्ट्यासारखा खळखळाट येतो. सुरू होताच अर्धा सेकंद कुरकुर झाली तर समजण्यासारखं आहे. पंधराशे ते दोन हजार आरपीएमवर धरल्यावर खळखळ कायम राहत असेल तर तिथेच थांबा. चेन मागे असल्याने गिअरबॉक्स उतरवावा लागतो, बहुतेक गॅरेजवाले सरळ इंजिनच खाली घेतात. पावणेदोन ते पावणेतीन लाख. चेन तुटलीच तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग जुनं इंजिन शोधायची पाळी येते. एन४७च्या मानाने एन५७ला हा आजार कमी होतो, पण "कमी" आणि "होत नाही" यांत पावणेतीन लाखांचं अंतर आहे. तेल वेळेवर न बदललेल्या गाडीला तो हमखास गाठतो.

मग पुढे या आणि बारीक टॉर्च लावून क्रँक पुलीकडे, म्हणजे इंजिनाचा बेल्ट फिरवणाऱ्या चाकाकडे बघा. लोखंडाच्या दोन कड्यांमध्ये रबर असतं. त्याला भेगा पडलेल्या दिसल्या किंवा आसपास काळा भुगा उडालेला दिसला तर पुली गेलीय. पंचवीस ते चाळीस हजार. हिच्याकडे दुर्लक्ष केलं की एके दिवशी बेल्टचे तुकडे होतात, ते आत ओढले जातात, आणि भर महामार्गावर चार्जिंग, कूलंटचा पंप, एसी सगळं एकदम बंद पडतं.

कूलंटची टाकीही उघडून बघा, पण थंड असतानाच. रंग निळा हवा. विटकरी पाण्यासारखा असेल तर कोणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातलं ओतलंय, आणि जो माणूस कूलंटमध्ये पैसे वाचवतो त्याने आणखी कुठे वाचवले असतील याचा विचार करा.

पायरी चौथी: चालवून बघणं

कमीत कमी पंचवीस किलोमीटर चालवा, त्यात थोडी गर्दी हवी, थोडा घाट हवा. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट सोयीचा.

गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा. माझ्या मते गाडीतला सगळ्यात चांगला भाग हाच. नीट असेल तर गिअर बदलला हे काट्यावरूनच कळतं. सिग्नलला हळूहळू थांबताना तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात येताना मागून कोणी टपली मारल्यासारखा धक्का बसतोय का, ते बघा. आणि चाळीस-साठच्या वेगात पाय अगदी हलका ठेवल्यावर गाडी बारीक थरथरते का? रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटतं. ते असेल तर दोष टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचा, किंवा जुन्या तेलाचा.

बीएमडब्ल्यू म्हणायची, या गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं. ज्यांनी तो बनवला ती झेडएफ म्हणते, ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला. मी झेडएफचं ऐकतो. तेलाचा पॅन प्लॅस्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच बसवलेला, म्हणजे फिल्टर बदलायचा तर अख्खा पॅन बदलायचा. चाळीस ते साठ हजार. हे काम वेळेवर झालं तर गिअरबॉक्स दोन लाख किलोमीटर सहज जातो. नाही झालं तर मेकॅट्रॉनिकचं, म्हणजे गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाचं, काम लाख-दीड लाख, पूर्ण खोलून बांधायचा तर अडीच ते चार. एक सांगून ठेवतो: हे तेल साध्या मेस्त्रीकडून बदलून घेऊ नका. इंजिन चालू ठेवून, गिअर एकेक फिरवून, तेल साधारण चाळीस अंशांवर असताना पातळी लावायची असते. अंदाजाने ओतलं की चांगला गिअरबॉक्सही धक्के द्यायला लागतो.

चालवताना आणखी एक युक्ती, जी विक्रेत्याला बहुधा माहीत नसते. या गाडीत डॅशबोर्डवर कूलंटच्या तापमानाचा काटाच नाही. पण मीटरमध्ये एक लपवलेला मेन्यू आहे. ट्रिप शून्य करायचं बटण दहाएक सेकंद दाबून धरलं की तो उघडतो; कुलूप उघडायला चेसिस नंबरच्या शेवटच्या पाच आकड्यांची बेरीज टाकावी लागते. त्यात तापमान दिसतं. वीस किलोमीटर चालवल्यावर ते ८८ अंशांच्या आसपास स्थिर हवं. सत्तर-बहात्तरच्या पुढे जातच नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप, उघडा अडकलाय. त्याचा खर्च मोठा नाही, पण थंड चालणारं डिझेल इंजिन काजळी जास्त धरतं, आणि ती काजळी पुढची सगळी बिलं वाढवते.

पायरी पाचवी: लिफ्ट आणि स्कॅनर

गाडी पसंत पडली तरी इथे हात आखडू नका. तुमच्या ओळखीच्या, फक्त जर्मन गाड्यांचं काम करणाऱ्या गॅरेजात ती लिफ्टवर चढवा. तीन ते पाच हजार घेतात. विक्रेता "आमच्याच गॅरेजात दाखवा" म्हणाला तर त्याला गोड हसून नकार द्यायचा.

स्कॅनर लावल्यावर दोन गोष्टी मुद्दाम बघायला सांगा. एक, किलोमीटर. या गाडीत ते मीटरमध्ये एकाच जागी नसतात, दुसऱ्या मॉड्यूलमध्येही नोंद असते. मीटर मागे फिरवणारा सगळीकडे फिरवतोच असं नाही. दुसरं, कोड पुसल्याची वेळ. तेरा वर्षांच्या गाडीत एकही फॉल्ट कोड नसेल तर आनंद मानू नका. आदल्या दिवशी कोणीतरी पुसून दिलीय. त्यानंतर इंजेक्टरची, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांची, करेक्शन व्हॅल्यू बघून घ्या. सहांपैकी एखादा बाकीच्यांपासून फार लांब असेल तर तो जायच्या मार्गावर आहे. नवा एक चाळीस ते पंचावन्न हजारांना.

खालून बघताना तेलाचे डाग, आणि पुढच्या सस्पेन्शनचे आर्म. ॲल्युमिनियमचे आर्म, त्यांच्या टोकाला तेल भरलेले बुश. आपल्या रस्त्यांवर पन्नास-साठ हजार किलोमीटर म्हणजे त्यांची शंभरी. बुश फुटला की त्यातून काळं तेल गळून सुकलेलं दिसतं. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर सगळे डिस्ककडे बोट दाखवतात, निम्म्या वेळा दोष या बुशचा असतो. दोन्ही बाजूंचे सगळे आर्म लेम्फर्डर या जर्मन कंपनीचे घातले तर ऐंशी हजार ते सव्वा लाख. खोक्यावर फक्त "जर्मनी" लिहिलेले, नाव नसलेले आर्म पस्तीस हजारांत सगळे येतात. माझ्या वहीत त्यांचीही नोंद आहे: बसवले मार्चमध्ये, वाजायला लागले दिवाळीत.

पायरी सहावी: किमतीची बेरीज

आता वही काढायची. चालवून आणि लिफ्टवर जे सापडलं त्यापुढे आकडे मांडा. माझ्या एका मित्राला हडपसरची एक गाडी दहा लाखांना मिळत होती. बेरीज अशी झाली: गिअरबॉक्सचं तेल पन्नास हजार, पुढचे आर्म एक लाख, चार टायर एक लाख दहा, क्रँक पुली तीस, बॅटरी पंचवीस, पुढचे ब्रेक चाळीस. साडेतीन लाखांच्या वर. मालक साडेनऊवर आला आणि तिथे अडला. मित्राने सोडून दिली. दोन महिन्यांनी नाशिकची एक अकरा लाखांना घेतली, जिच्या मागे बिलांची फाइल होती आणि राहिलेली कामं साठ हजारांचीही नव्हती. महाग गाडी स्वस्त पडली.

खरेदीच्या किमतीवर पंचवीस ते तीस टक्के रक्कम वेगळ्या खात्यात असल्याशिवाय ही गाडी घेऊ नका. आणि त्यानंतरही दर वर्षाला लाख ते दीड लाख धरा, काही मोठं फुटलं नाही तर. सगळी जमापुंजी खरेदीत घालून "बाकीचं पगारातून बघू" म्हणणारे मला दोघं माहीत आहेत. एकाची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली आहे. दुसऱ्याची मी चालवतो.

पायरी सातवी: घेतल्यावरचा पहिला महिना

नवी मालकी, उत्साह, आणि पहिला खर्च अलॉय व्हीलचा. हे करू नका. आधी इंजिन ऑइल. सुमारे सात लिटर, कंपनीच्या एलएल-०४ प्रमाणाचं, सोबत ऑइल, हवा, डिझेल आणि एसीचा फिल्टर. अठरा ते बावीस हजार. पुढे गाडी काहीही दाखवो, दर आठ-दहा हजारांना किंवा वर्षाला बदला. गाडीचा संगणक पंचवीस हजार म्हणतो, तो युरोपातल्या रस्त्यांचा हिशेब आहे. मग गिअरबॉक्सचं तेल, बेल्ट आणि पुली, कूलंटच्या नळ्या. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, एकदा उतरवून बघावा; आतल्या वाटा काजळीने निम्म्या भरलेल्या निघतात, डांबर लावल्यासारख्या. सफाई वीस-पंचवीस हजार. त्यानंतर पिकअपमध्ये पडलेला फरक बसल्या जागी कळतो.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर, कारण हा धडा मी स्वतःच्या पैशाने घेतलाय. घेतल्याच्या चौथ्या महिन्यात स्टिअरिंग जड झालं आणि पडद्यावर एकामागून एक इशारे: स्टिअरिंग, ड्राइव्हट्रेन, एअरबॅग. एका मोठ्या वर्कशॉपने इलेक्ट्रिक स्टिअरिंग रॅक गेल्याचं सांगून दोन लाख साठ हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. मी मंजूर करणारच होतो. माझ्या गॅरेजच्या काकांनी डिक्कीचा उजव्या बाजूचा तळ उचलला, मीटर लावला आणि म्हणाले, "अहो, अकरा पॉइंट चार दाखवतोय, हिला रॅक कशाला घालताय?" बॅटरी सात वर्षांची होती. नव्वद अँपिअरची एजीएम बॅटरी घातली, गाडीच्या संगणकात नोंदवली, सगळे इशारे गेले. ही नोंदणी विसरू नका. केली नाही तर गाडी नव्या बॅटरीला जुनी समजून चार्ज करत राहते आणि ती दोन वर्षांत मारते. साधी बॅटरी हजारांनी स्वस्त पडते, पण घालू नका. आणि पडद्यावर चार-पाच असंबद्ध इशारे एकदम आले तर कुठल्याही मोठ्या पार्टच्या आधी व्होल्टेज मोजून घ्या.

टायर हा दुसरा वादाचा विषय. गाडी रनफ्लॅटवर येते, पंक्चर झाल्यावर ताशी ८० वेगाने ८० किलोमीटर जाता येतं, म्हणून स्टेपनी नाही आणि जॅकही नाही. रनफ्लॅट दगडासारखे कडक, खड्ड्यात रिमला पीळ पडतो, आणि चारांचा सेट लाखाच्या वर. बरेच जण साधे ट्यूबलेस घालतात, साठ-पंचाहत्तर हजारांत होतात, गाडी मऊ चालते. मीही तेच केलं. मात्र मग पंक्चर किट, हवेचा छोटा पंप आणि जॅक डिक्कीत ठेवणं आलं. आंबा घाटात रात्री अकराला टायर फाटला तर तिथे तुमच्या मापाचं टायर कोणाकडेही नाही.

पायरी आठवी: गॅरेज आणि पार्ट

कंपनीचं सर्व्हिस सेंटर इंजिन उघडायच्या कामाला आणि रिकॉलला. बाकी सगळ्याला ओळखीचा, जर्मन गाड्यांतलाच मेस्त्री. त्याच्याकडे बीएमडब्ल्यूचं निदान करणारं सॉफ्टवेअर आहे का, आणि काढलेला जुना पार्ट तो तुम्हाला परत देतो का, एवढ्या दोन प्रश्नांत माणूस कळतो.

चेसिस नंबर टाकून नेमका पार्ट नंबर दाखवणारे कॅटलॉग इंटरनेटवर फुकट आहेत. गॅरेजात जायच्या आधी नंबर लिहून न्या. कंपनीच्या खोक्यातला पार्ट पुष्कळदा लेम्फर्डर, झेडएफ, बॉश, सॅक्स यांनीच बनवलेला असतो. त्यांच्याच खोक्यात तो तीस-चाळीस टक्के स्वस्त पडतो. हेडलाइट, आरसा, दरवाजाची पॅनल यांना मुंबईतला कुर्ल्याचा जुन्या पार्टचा बाजार. नवा झेनॉनचा हेडलाइट दीड-दोन लाखांना, कुर्ल्यात चांगला निघाला तर चाळीस ते साठ हजार, फक्त मागचे क्लिप शाबूत आहेत का ते बघून घ्या. टर्बो, ब्रेक, आर्म मात्र कुर्ल्याहून आणू नका.

पायरी नववी: पाऊस

आधी विकत घेतानाचं. चेन्नईचा २०१५चा पूर, सांगली-कोल्हापूरचा २०१९चा, चिपळूणचा २०२१चा. बुडालेल्या गाड्या लिलावातून निघून, धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. गुंडाळीच्या आतल्या टोकाला मातीची रेघ धुवायची राहून जाते. पुढच्या सीटखालचं कार्पेट उचला, तिथल्या बोल्टवर गंज बघा. बुडालेली गाडी अर्ध्या किमतीतही घेऊ नका, तिच्या तारांतला गंज पुढची पाच वर्षं एकेक मॉड्यूल खात राहतो.

मग चालवतानाचं. हवेचं तोंड पुढे खालच्या उंचीवर आहे. रस्त्यावर पाणी साचलं असेल आणि रिक्षाचं चाक निम्मं बुडत असेल तर तुम्ही थांबा. चुकून पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, ढकलून बाहेर काढायची. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते तो "परत सुरू करून पाहिली का?" हाच. विम्यात इंजिनाचं संरक्षण मिळत असेल तर घ्याच, पण या वयाच्या गाडीला सगळ्या कंपन्या देत नाहीत.

आणि सनरूफ. चारही कोपऱ्यांत बोटभर जाडीच्या नळ्या आहेत, छतावरचं पाणी खाली सोडणाऱ्या. माझी गाडी गुलमोहराखाली उभी असते. मे महिन्यात पाकळ्या आणि बारीक पानं त्या खोबणीत पडतात, जूनच्या पहिल्या सरीला त्यांचा लगदा होतो आणि पाणी नळीऐवजी पुढच्या खांबातून ड्रायव्हरच्या पायाशी उतरतं. पहिल्या वर्षी मला ते वासावरून कळलं, तोवर खालचा फोम स्पंजासारखा भिजला होता. कार्पेट काढून वाळवायला आणि एक कनेक्टर बदलायला चौदा हजार गेले. आता मेच्या शेवटच्या रविवारी सनरूफ पूर्ण उघडतो, खोबणीतला कचरा जुन्या टूथब्रशने काढतो, आणि गवत कापायच्या मशीनमध्ये असतो तसला जाड नायलॉनचा धागा प्रत्येक नळीत हळूहळू आत सारतो. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी खालच्या जोडातून निसटते. मग बाटलीभर पाणी कोपऱ्यात ओतायचं आणि चाकामागे खाली ते टपकताना दिसेपर्यंत वाकून बघायचं. खर्च शून्य, वहीत तसाच लिहितो.